चाळणीवरचा माझा निरोप

३ फेब्रुवारी, सोमवार

खारू,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज तो हातून उतरत नाहीये, तेव्हा नुसतंच खारू.

मी निवृत्त झाले म्हणे. मला हे शनिवारी पोस्टमनकडून कळलं. एरवी आपल्या दारात विजेच्या बिलाशिवाय काही पडत नाही, आणि त्या दिवशी पत्रांचा जुडगाच पडला. पहिलं उघडलं. कुठल्याशा बँकेतल्या प्रोग्रामरने लिहिलं होतं, 'बाई, तुमचा निरोप वाचून गलबलून आलं. इतकी वर्षं आमच्यासाठी वाचलंत, आता स्वतःसाठी वाचा.' दुसऱ्यात एका प्राध्यापकांनी माझ्या डोळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली होती. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची पत्रं चुकून आपल्याकडे आलीत. आईला हाक मारून म्हटलं, "बघ गं, मी निवृत्त झालेय." आई शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "ऑफिसातून काढलं की काय तुला? काय बोललीस साहेबाला?"

आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'चाळणी' उघडली. आपलं साधं करडं पान जाऊन सगळं निळंशार झालंय. वर तुझ्या नव्या कंपनीचं चिन्ह फिरतंय, आणि मधोमध चौकटीत मी.

'मित्रहो, आजवर मी तुमच्यासाठी कंटाळवाणे कागद वाचले. त्यातले काही इतके कंटाळवाणे होते की ते लिहिणाऱ्यालाही पुन्हा वाचवले नसते. आता माझे डोळे पूर्वीसारखे भांडत नाहीत. चाळणी माझ्याहून मोठ्या हातांत देते आहे, आणि आनंदाने देते आहे.' खाली सही, थो.

'आनंदाने' हा शब्द मी उभ्या जन्मात वापरलेला नाही. पण बाकी सगळी मीच आहे रे. लेखकाला पुन्हा वाचवले नसते, हे वाचून मला हसू आलं. शेजारच्या टेबलावरचा हेडक्लार्क बघायला लागला. मग लक्षात आलं की मी हे बोललेच नव्हते.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी काय वाचावं आणि काय वाचू नये, हे सांगणारी एक वेबसाइट. बाहेरच्या माणसाला यात जीव गुंतवण्यासारखं काय दिसणार? तुला तरी ते माहीत होतं. मी फरशीवर कागद पसरून बसायची, मोठ्याने वाचायची, नावं ठेवायची, आणि तू आईच्या मशीनशेजारच्या टेबलावर बसून टकटक टाइप करायचास. माझी वाक्यं, तुझी बोटं. मग फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून कॉलेजच्या लॅबमध्ये न्यायचास, कारण सर्व्हर तुझ्या ताब्यात. टीप माझी असली की खाली थोरलीचा थो., तुझी असली की धाकट्याचा धा. मला पासवर्ड कधी लागलाच नाही. तो समोर खुर्चीत बसलेला असायचा.

पोस्टाने लिहितेय त्याचं कारण, चाळणीवरची माझी ईमेलची पेटी बंद आहे आणि नव्या जागेचा फोन नंबर तू अजून दिलेला नाहीस. ऑफिसच्या पत्त्यावरून तुझ्या कंपनीला लिहिलं, तर दोन मिनिटांत उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.' माणसाने लिहिलंय की यंत्राने, देव जाणे.

मला एवढंच सांग, तो निरोप तू लिहिलास का? तू नाही म्हणालास तर मी मानेन. कंपनीतल्या कुणा टायवाल्याने लिहिला असेल म्हणेन आणि तुझी माफी मागेन.

ताई

१६ फेब्रुवारी, रविवार

खारू,

तुझं पत्र नाही. पण परवा मी ऑफिसात असताना तू आईला फोन केलास. ताई घरी कधी नसते हे तुला पक्कं ठाऊक आहे.

आईने निरोप सांगायचा म्हणून आधी मला चहा करून दिला. आई स्वतःहून चहा देते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. "त्याला चांगल्या जागेवर घेतलंय म्हणे," ती म्हणाली. "कंपनीने चाळणीही घेतली आणि त्यालाही घेतलं. पण वर्षभर परीक्षा बघणार. तोवर ताईला म्हणावं, गप्प राहा. एकदा जागा पक्की झाली की मी सगळं नीट करतो."

"आणि तो निरोप कुणी लिहिला?"

आई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तो म्हणाला, ताई हो म्हणाली नसती."

बरोबर आहे. मी हो म्हणाले नसते, म्हणून माझ्या वतीने तूच हो म्हणालास. वर सहीसुद्धा केलीस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असणार. कापला जाईपर्यंत कळलंही नाही.

अजून एक तक्रार तू आईकडे केलीस. ताई एकेक कागद वाचायला महिना लावते, लोकांना रोज नवीन लागतं, अशाने वेबसाइट चालत नाही. आईला यातलं काही कळत नाही, पण 'महिना लावते' हे तिला पटलं, कारण मी भाजी निवडायलाही वेळ लावते. अरे पण आपला नियमच होता तो. वाचल्याशिवाय लावायचं नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोघांपैकी एकाने वाचलेलं असलं पाहिजे, मग लेखक कितीही मोठा असो. तो अंदाजपत्रकांवरचा प्रबंध आठवतो ना? लेखकाचं नाव बघून तू न वाचताच लावायला निघाला होतास. मी हट्टाने वाचायला बसले तर चौथं प्रकरण दोनदा आणि पाचवं गायब. किती हसलो होतो आपण. लेखकाला कळवलं तेव्हा त्याने लिहिलं होतं की एवढ्या वर्षांत हे पकडणाऱ्या तुम्ही पहिल्याच. लोक चाळणीवर यायचे ते यासाठी. दुसरीकडे लिंका हजार होत्या. आपल्याकडे थोड्या, पण कुणीतरी वाचलेल्या.

नोकरी तुला मिळाली याचा मला राग नाही. लॅबमध्ये तारा ओढत, मुलांच्या शिव्या खात तू म्हातारा व्हावंस असं मला कधीच वाटलं नाही. जानेवारीत तू कॉम्प्युटर खोक्यांत भरलास तेव्हा खोक्यांना दोऱ्या मीच बांधल्या. 'तू फोनवर बोल, मी तिकडे टाइप करीन,' म्हणाला होतास. मी मान डोलावली. तेव्हा सगळं ठरलेलं होतं, आणि तू ताकास तूर लागू दिली नाहीस.

आता टेबल रिकामं आहे. आई त्यावर कापड बेतते.

वर्षभर गप्प राहण्याचं मी अजून काही ठरवलेलं नाही. आईसमोर हो म्हटलं, कारण ती डोळे पुसायला लागली होती.

ताई

९ मार्च, रविवार

खारू,

तुला दरवाजेवाले आठवतात? धरणाच्या दरवाजांचा प्रोग्राम ज्यांच्याकडे आहे ते. त्यांच्या ऑफिसात नुसतं ईमेल होतं, वेबसाइट दिसायची नाही, म्हणून आपण त्यांना लेख छापून पोस्टाने पाठवायचो. पाकिटं तू बांधायचास, सोबतचा कागदही तूच टाइप करायचास. हल्ली त्यांनाही वेबसाइट दिसते म्हणे.

त्यांचं पत्र आलंय. निरोपाबद्दल दोन ओळी, आणि मग हे: 'बाई, तुम्ही नेहमी सांगत आलात की कुठलाही बदल यंत्रात जाण्याआधी दुसऱ्या माणसाने तो ओळ न् ओळ मोठ्याने वाचावा. आमच्याकडे दर आठवड्याला तसं वाचन व्हायचं. साहेब कुरकुरायचे, पण मी तुमची टीप दाखवून गप्प करायचो. आता तुम्हीच लिहिलंत की हे नवं तपासणीचं सॉफ्टवेअर घेतलं तर त्या वाचनाची गरज उरत नाही. मला नवल वाटलं. पण तुम्ही म्हणताय म्हणजे वाचून, पारखूनच म्हणत असणार. तुमच्या भरवशावर आम्ही सॉफ्टवेअर घेतलं आणि वाचन बंद केलं.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चाळणी उघडून ती टीप शोधली. आहे. 'दोन माणसांनी एकच ओळ वाचत बसण्यापेक्षा हे यंत्र बरं. ते जांभया देत नाही आणि चहा मागत नाही.' खाली थो.

सांगायला नको, पण जांभयांचं वाक्य चांगलं जमलंय.

मग मी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून एकेक पान बघायला लागले. तुझ्या कंपनीच्या मालाची जिथे जिथे तारीफ आहे तिथे तिथे खाली मी आहे. मी न पाहिलेली पुस्तिका, मी न ऐकलेलं सॉफ्टवेअर, आणि मी त्याची तोंड भरून स्तुती करतेय. मला वाटलं हे सगळं या दोन महिन्यांतलं असेल. पण टिपांवर तारखा असतात, खारू. तुझीच सोय. पहिली टीप गेल्या उन्हाळ्यातली आहे.

गेल्या उन्हाळ्यात आपण त्याच खोलीत बसत होतो. मी फरशीवर, तू टेबलाशी. मी बोलत होते, तू मान डोलावत टाइप करत होतास, आणि त्याच फ्लॉपीवर माझ्या नावाने हेही जात होतं. 'ताई, तू जेवायला बस, मी उरलेलं टाइप करून आलोच,' असं म्हणायचास. मी तुझं ताट झाकून ठेवायची. मला वाटायचं, पोरगं माझ्यासाठी राबतंय. लावलेलं पान पुन्हा उघडून बघायचं कधी सुचलंही नाही.

वेबसाइट विकलीस ते मी एक दिवस गिळलं असतं. निरोपाचंही, कदाचित. पण हे तू मला समोर बसवून केलंस. परवा आरशासमोर केस विंचरताना उगीचच वाटून गेलं की इतकी कशी मी बावळट. तू हे मला वाटायला लावलंस, याचा राग सगळ्यात जास्त आहे.

आणि त्या दरवाजांच्या खाली गावं आहेत.

दरवाजेवाल्यांना आज पत्र लिहितेय. ती टीप माझी नव्हे, वाचन पुन्हा सुरू करा. तुझं नाव त्यात घालत नाहीये. वर्षभराचा शब्द मी आईला दिलाय, तेवढ्यापुरता पाळते.

ताई

२३ मार्च, रविवार

खारू,

त्यांचं उत्तर आलं. मी तुला ते शब्दशः उतरवून देते, म्हणजे तू काय करून ठेवलंयस ते तुला दिसेल.

'महोदया, आपण कोण आहात मला ठाऊक नाही. बाईंच्या नावाने, त्यांचाच पत्ता घालून आलेलं आपलं हस्तलिखित पत्र मिळालं; पत्ता तर चाळणीवर कुणालाही मिळतो. मी बाईंना कित्येक वर्षं वाचतो आहे. त्यांचं एक वाक्य वाचलं तरी मी त्यांना ओळखतो. त्या चिमटा काढल्याशिवाय बोलत नाहीत. आपलं पत्र एखाद्या सरकारी खुलाशासारखं आहे. बाईंनी इतका सुंदर निरोप घेतलेला असताना कुणी त्यांच्या नावाने असे उद्योग करावेत याचं वाईट वाटतं. त्यांना बदनाम करू नका.'

मला बदनाम करू नका असं मलाच सांगितलंय त्यांनी.

आधी खूप हसले. आई धावत आली. मग मला ते हसू थांबवता येईना, आणि आई पाठीवरून हात फिरवत बसली.

पण माणूस चुकीचं काय बोलला? त्याने माझं अक्षर कधी पाहिलेलंच नाही. आणि मला बोलते तसं लिहिता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कोरा कागद समोर आला की माझं 'सदर' आणि 'उपरोक्त' सुरू होतं, विमा कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार. तुला लिहिताना तेवढं जमतं, कारण तुला लिहिणं म्हणजे तुझ्याशी भांडणंच आहे. त्यांना लिहिताना मी तीन वेळा फाडलं आणि चौथ्यांदा स्वच्छ, सभ्य, मेलेलं पत्र पाठवलं. माझ्या आवाजात लिहिणारा माणूस आता तुझ्या कंपनीत बसतो.

तेव्हा माझं एक काम कर. जगाला काही सांगू नकोस. कंपनीला सांगू नकोस. फक्त त्या एका माणसाला एक ओळ लिही, 'ती टीप बाईंची नव्हती, ती मी लिहिली.' खाली तुझं नाव. ते तुझं ऐकतील, कारण पाकिटं तुझ्याच नावाने जायची. जोराचा पाऊस सुरू झाला की धरण भरतं आणि दरवाजे रोज हलतात. त्याआधी प्रोग्राममध्ये बदल करतात ते लोक. हातात फार वेळ नाही.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं असेल तर सांग. आता मागतेय.

ताई

१३ एप्रिल, रविवार

खारू,

पत्र मिळालं. पाच पानं. टाइप केलेली.

काय लिहिलंयस! आई ऐकता ऐकता रडली. माझ्या पायांशी बसून तू अक्षरं गिरवलीस ते, मी तुझ्या फीसाठी कॉलेज सोडलं ते, तुला लॅबमध्ये सगळे 'ए वायर' म्हणून हाक मारायचे ते. कंपनीच्या माणसाने पहिल्यांदा तुला 'सर' म्हटलं तेव्हा तुला कसं वाटलं, ते वाचून तर मलाही भरून आलं. सुरुवात एका टिपेने झाली, एकच, मला विचारायचं राहून गेलं, मग दुसरी मागितली, मग नाही म्हणायची सोय राहिली नाही. यातलं काही खोटं असेल असं मला वाटत नाही.

पण मध्ये मध्ये चिमटे आहेत. स्वतःला हसणं आहे. एका ठिकाणी 'माझ्या बुद्धीचं चौथं प्रकरण दोनदा छापलं गेलं आणि पाचवं गायब' असं आहे. वाचताना मला वाटलं की हे मीच बोलतेय. तू माझी माफीही माझ्याच तोंडाने मागतोयस. तुझं स्वतःचं बोलणं कसं होतं रे? मी आठवून पाहिलं. लहानपणीचं आठवतं, नंतरचं नाही.

आणि पाच पानांत ती एक ओळ नाही. 'दरवाजेवाल्यांना लिहिणं सध्या शक्य नाही, कारण ते सॉफ्टवेअर आमचंच आहे आणि असं काही लेखी गेलं तर माझं कठीण आहे.' हे वाक्य मात्र तुझंच आहे, यात चिमटा नाही.

आई म्हणाली, "पोटात घाल गं. तुझ्याच हाताखाली वाढलाय. त्याचं चांगलं चाललंय ते मोडून तुला काय मिळणार?"

मी म्हटलं, "आणि खालच्या गावांचं?"

"काही होणार नाही. उगाच वाईट बोलू नकोस."

"आई, काही होणार नाही हे कुणीतरी वाचून बघितलं तर पाहिजे ना?"

ती मशीन चालवायला लागली, आणि मशीनमध्ये दोरा नव्हता.

मी २६ तारखेच्या शनिवारी रजा टाकतेय. धरणावर जाणार आहे.

ताई

२७ एप्रिल, रविवार

खारू,

काल जाऊन आले. दोन बस बदलून, शेवटी एका सिमेंटच्या ट्रकमधून. साडी अजून झटकतेय.

दरवाजेवाले म्हणजे मी पन्नाशीचे, टक्कल पडलेले गृहस्थ धरून चालले होते. निघाला तुझ्याएवढा पोरगा. शर्टाच्या खिशात पेन्सिली. त्यांची खोली भिंतीच्या टोकाला आहे, एका बाजूला दिव्यांची पाटी, दुसऱ्या बाजूला खिडकी, आणि खिडकीतून सरळ खाली पाणी. मला तर बघवेना. मी नाव सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"पत्र तुम्हीच पाठवलं होतं का?" तो म्हणाला. "बाई, तुम्ही लांबून आलात, चहा घ्या. पण मी तुम्हाला ओळखत नाही, आणि ओळखतो असं म्हणणारही नाही."

मला आवडला तो. असंच असायला हवं.

मी म्हटलं, "मग असं करा. त्या नव्या सॉफ्टवेअरची पुस्तिका असेल ना तुमच्याकडे? मी ती अजून पाहिलेली नाही. मला इथे बसून वाचू द्या, म्हणजे माझं तिच्याबद्दल काय मत आहे ते मलाही कळेल."

त्याने दिली. बसायला एक स्टूल होतं, पण स्टुलावर मला वाचता येत नाही. मी चपला काढल्या आणि सरळ फरशीवर बसले. पानं सुटी करून पसरली. आणि सवयीने मोठ्याने सुरू झाले.

"पहिल्या पानावर 'सहज' चार वेळा. ज्याला सहज जमतं तो असं घोकत बसत नाही. दुसरं पान सोडून द्या, तिथे मालकाचा फोटो आहे. तिसऱ्यावर आकृती आहे, बाण सगळीकडे जातात आणि परत एकही येत नाही, आपल्या बदलीच्या अर्जांसारखे..."

मध्ये एकदा मी थांबले. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं, टकटक ऐकू येत नाहीये. मान वर करून पाहिलं तर तो पोरगा टेबलाशी बसला होता आणि मी बोलतेय ते पेन्सिलीने भराभरा उतरवून घेत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटपर्यंत वाचली. पुस्तिका वाईट नाही, तुला सांगायला हवं. सॉफ्टवेअरही प्रामाणिक असावं. ते जे करतं ते चांगलं करतं. पण ते प्रोग्राम स्वतःशी जुळतो का एवढंच बघतं. दरवाजा कधी उघडायचा नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही, तर ते बिचारं काय तपासणार? ते दोन माणसांनाच ठाऊक असतं, एकाने लिहिलेलं आणि दुसऱ्याने ऐकलेलं. हे मी बोलले तेव्हा पेन्सिल थांबली.

"बाई," तो म्हणाला, आणि या वेळी तो मला म्हणाला.

मग त्याने आत जाऊन आपल्या सोबत्याला बोलावलं. पुढच्या आठवड्यात चढणारा बदल बाहेर काढला. एकाने वाचला, दुसऱ्याने ऐकला, मी मधेमधे नाक खुपसलं. दुपार गेली. चूक एकही सापडली नाही. पोरांनी अगदी स्वच्छ काम केलं होतं. तरी त्यांनी वाचन पुन्हा सुरू करायचं ठरवलं, आणि साहेबांना काय सांगायचं ते मी सांगितलं.

निघायच्या आधी मी त्याला म्हटलं, निरोपाची पत्रं ज्यांनी ज्यांनी पाठवली त्यांना मला लिहायचंय, मी सांगते, तुम्ही टाइप करून द्याल का? त्याने मशीन सुरू केलं. निरोप मी घेतलेला नाही. अमुक तारखेनंतर या कंपनीच्या मालाची तारीफ करणाऱ्या टिपा माझ्या नव्हेत, त्यांच्या भरवशावर काही केलं असेल तर पुन्हा तपासा. इथवर नीट आलं. मग त्याने विचारलं, "मग त्या कुणी लिहिल्या? लोक विचारतील."

मी घरून शब्द ठरवून आले होते, 'एका माजी सहकाऱ्याने'. वर्षभराचा शब्द आईला दिला होता. तोंड उघडलं आणि म्हटलं, "माझ्या धाकट्या भावाने."

त्याने ते टाइप केलं. मग म्हणाला, "खरं सांगू का बाई, तो निरोप मी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला होता. एखाद्याला माणूस इतका आवडत असल्याशिवाय त्याच्यासारखं असं लिहिता येत नाही."

मी म्हटलं, "हो."

दुसरं काय म्हणणार? खरंच आहे ते. तुझ्याइतकं मला कुणी ऐकलेलं नाही. परका असता तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या आणि सुखाने झोपले असते. येताना बसमध्ये मी लोकांसमोर, तोंडाला पदर न लावता रडले. शेजारच्या बाईने विचारलं, कोण गेलं?

आईला पत्र वाचून दाखवलं. 'भावाने' आलं तेव्हा ती म्हणाली, "तेवढं काढ." मी थांबले. तिने टेबलावरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग तिने माझ्या हातातून पत्रं घेतली, आणि आम्ही दोघींनी मिळून पाकिटांवर तिकिटं चिकटवली. एक तुझ्या कंपनीचंही आहे.

ते 'हो' म्हटल्यावर, खारू, तुला वाचवावंसं वाटलं. अजूनही वाटतंय. पत्रं उद्या सकाळी पोस्टात पडतील.

ताई